हिप्परग्याचे मुख्याध्यापक, औरंगाबादचे खासदार

गेल्या आठवड्यात आपण निजामी अमलातलं वेरूळ पाहिलं. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने इथल्या लेण्यांची निगा राखली, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण त्याच राज्यात मराठी घरातल्या पोराला सरकारी हायस्कुलात गणित-इतिहाससुद्धा उर्दूतून शिकावं लागे. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ हे सरकारी परिपत्रक आडवं येई. सरकारच्या परवानगीवाचून चार माणसं जमवणंही अवघड. मग माणसं घडायची कुठे? शाळेत. मराठवाड्याचं राजकारण शाळांच्या ओसरीवर वाढलं, असं मी म्हणतो ते यामुळे.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर १९२९ मध्ये हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. त्याआधी ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सचिव होते. १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, पण शिकवणं सुटलं नाही. १९३५ मध्ये त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे आणि ते अंबाजोगाईला गेले, योगेश्वरी विद्यालयात. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली, तेव्हा हे मुख्याध्यापक सत्याग्रह करून तुरुंगात गेले. पुढे ऑगस्ट १९४७ मध्ये हैदराबादेत तिरंगा फडकावला म्हणून पुन्हा अटक. कायमची सुटका झाली ती १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करल्यावर.

शिक्षक राजकारणात इतरत्रही येतात. कॅनडात जस्टिन ट्रूडो व्हँकूव्हरच्या शाळेत शिकवत होते. २००८ मध्ये पापिनो मतदारसंघातून खासदार झाले, २०१५ मध्ये पंतप्रधान. तिथे वर्गातून संसदेकडे जाणारी वाट उघडी होती. आपल्याकडे ती तुरुंगातून गेली.

स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले आणि १९५७ मध्ये आपल्या औरंगाबादमधून. तेव्हाचं मतदान आजच्यासारखं नव्हतं. उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह डकवलेलं. बोटाला शाई लावून घ्यायची, कागद हातात घेऊन आडोशाला जायचं आणि आपल्या पसंतीच्या पेटीत तो टाकायचा. काँग्रेसची पेटी बैलजोडीची. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही बैल ओळखता येत. आयुष्यभर अक्षरओळखीसाठी झिजलेल्या मास्तराला अशा माणसांनी निवडून दिलं, याचं मला फार मोल वाटतं.

पुढच्या आठवड्यात गोविंदभाई श्रॉफ, तेही शिक्षक, गणिताचे. तोवर वेरूळ-खुलताबाद भागातल्या वाचकांना एक विनंती. १९५७ साली मत दिलेली माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. घरात कुणी असतील तर त्यांच्याजवळ बसा, त्या मतदानाचं आठवतं ते विचारा आणि तारीखवार लिहून ठेवा.