कोरडा डोळा का जळतो?

डोळा कोरडा पडणे म्हणजे केवळ पाण्याची उणीव नव्हे. संगणकाकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, अश्रूंचा पातळ थर उडून जातो आणि उरलेल्या द्रवातील क्षारांचे प्रमाण वाढते. हा खारटपणा डोळ्याच्या पृष्ठभागावरील पेशींतील पाणी ओढून घेतो. आक्रसलेल्या पेशी संकटाचा संदेश देतात. इंटरल्युकिन-१, टीएनएफ-अल्फा ही दाहकारक प्रथिने पाझरू लागतात आणि त्यांच्या हाकेला टी-पेशी धावून येतात. एमएमपी-९ हे विकर पेशींमधील सांधे सैल करते. खरे नुकसान मात्र गॉब्लेट पेशींचे होते. अश्रूंना डोळ्यावर धरून ठेवणारा श्लेष्मा त्याच बनवतात. त्या मरू लागल्या की अश्रूंचा थर आणखी लवकर फाटतो आणि खारटपणा पुन्हा वाढतो. म्हणूनच नुसते कृत्रिम अश्रू अनेकांना पुरत नाहीत.

अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळालेले सायक्लोस्पोरिनचे थेंब टी-पेशींनाच आवर घालतात. पण गुण यायला काही महिने लागतात आणि तोवर ते झोंबतात, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे. स्टिरॉइडच्या थेंबांनी आराम लवकर पडतो. परंतु दुकानातून परस्पर आणून ते दीर्घकाळ घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.