चिमण्या रंगवणारा डॉक्टर

मी डहाणूतल्या सायवनचा. आमच्याकडे चित्र म्हटलं की वारली. डोंगर, झाडं, तारपा... कारखाना त्यात क्वचितच! पण मित्रांनो, कारखान्यांच्या वस्त्या आयुष्यभर रंगवणारा एक मराठी चित्रकार आहे, सुधीर पटवर्धन.

जन्म १९४९, पुणे. तिथेच १९७२ मध्ये डॉक्टर होऊन ते पुढच्या वर्षी मुंबईत आले. १९७५ ते २००५ ठाण्यात रेडिओलॉजिस्ट. म्हणजे दिवसा एक्स-रे, उरलेल्या वेळात कॅनव्हास. आर्ट स्कूलची डिग्री नाही, सगळं स्वतःच शिकले. (कॅम्पससाठी छंद गुंडाळून ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

ठाणं त्यांचं गाव नव्हतं, म्हणूनच बहुतेक त्यांनी ते इतकं नीट पाहिलं. रूळ, नाले, शेड्स, चाळी. ‘पोखरण’, ‘उल्हासनगर’ ही चित्रांची नावंसुद्धा पत्त्यासारखी. त्यात उल्हासनगर तर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेलं. २००१ च्या ‘लोअर परळ’मध्ये बदलणारं गिरणगाव आहे. १९८२ च्या संपानंतर तिथल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या होत्या.

मला भिडलं ते वेगळंच. आपल्या ड्रॉइंग शीटवर प्लान्ट असतो, पाइप असतात, एलिव्हेशन असतं, माणूस नसतो. पटवर्धनांकडे आधी माणूस दिसतो, जड अंगाचा, दमलेला. रोज एक्स-रे बघणाऱ्याला शरीर कळणारच म्हणा.

सुट्टीत घरी जाताना बोईसरला तारापूर एमआयडीसीची शिफ्ट सुटलेली असली की अशीच माणसं दिसतात. आपल्यातले काहीजण दोन वर्षांनी त्यांच्यातच ट्रेनी म्हणून असतील.