पत्त्यावरचा माणूस

पासपोर्ट देतं ते परराष्ट्र मंत्रालय. पण अर्ज करणारा माणूस खरोखर तोच आहे का, तो भारताचा नागरिक आहे का, त्याच्यावर कुठे गुन्हा दाखल आहे का, हे दिल्लीत बसून कळण्याची सोय नाही. ते काम येतं राज्याच्या गृह विभागाकडे. मुंबईत आधी पोलिसांच्या विशेष शाखेकडे आणि तिथून हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडे. मुलुंड पश्चिमेचा अर्ज मुलुंड पोलीस ठाण्यात जातो, पूर्वेचा नवघर पोलीस ठाण्यात. पुढे विमानतळावर तोच पासपोर्ट हातात घेऊन चेहरा निरखणारा अधिकारी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या इमिग्रेशन ब्युरोचा. हा ब्युरो १९७१ साली स्थापन झाला. एवढ्या लांबलचक व्यवस्थेत एकच जागा अशी आहे, जिथे कुणीतरी उन्हातून चालत येतं, जिना चढतं आणि दार वाजवतं. मुलुंड पूर्वेच्या एका गृहनिर्माण संस्थेची सचिव म्हणून हे काम मी बरीच वर्षं जवळून पाहते आहे. अर्जदाराच्या आधी दार वाजतं ते बहुधा माझं.

हल्ली पुष्कळदा अर्जदारालाच ठाण्यात बोलावतात. मूळ कागद, त्यांच्या झेरॉक्स, फोटो, दोन शेजारी साक्षीदार म्हणून, आणि काम तिथल्या तिथे उरकतं. तरीही काही हवालदार घरी येतातच. पासपोर्टचं काम वर्षानुवर्षं बघितलेले एक हवालदार आमच्याकडे येत असत, त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. आल्यावर ते आधी तळमजल्यावरचा नावांचा फलक वाचायचे. मग वॉचमनशी दोन शब्द बोलायचे. मग माझ्याकडे.

“मॅडम, पाचशे दोनमध्ये कोण राहतं?”

अर्जदाराचं नाव ते स्वतःहून कधी उच्चारायचे नाहीत. “अमुक अमुक इथे राहतात ना?” असं विचारलं तर समोरचा माणूस हो म्हणून मोकळा होतो. कोण राहतं म्हटल्यावर मला आठवून सांगावं लागे: आई-वडील, मोठी मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला, धाकटा केळकर महाविद्यालयात. ते ऐकून घेत, लिहीत काहीच नसत. वर गेल्यावर मुलाला विचारत, “बहीण कुठे असते तुझी?” दोन्ही उत्तरं जुळली की पुढचं.

मग कागद. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहणं. पिन कोड बघणं: ऐंशी पश्चिमेचा, एक्क्याऐंशी पूर्वेचा, ब्याऐंशी मुलुंड कॉलनीचा. आणि लाईट बिल. मुंबईत बहुतेक ठिकाणी वीज बेस्टची, अदानीची किंवा टाटाची. मुलुंड-भांडुपला मात्र महावितरणची. मुलुंडचा पत्ता आणि बिल भलत्याच कंपनीचं, असं दिसलं की हवालदार खुर्चीत सरसावून बसतो. हे त्याला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नसतं. वर्षानुवर्षं त्याच गल्ल्यांत फिरून अंगी बाणलेलं असतं. मिठागर रोड कुठे संपतो, गव्हाणपाड्यात कुठली चाळ पाडली, म्हाडा कॉलनीत कुठल्या इमारतीचा नंबर बदलला, हे ज्याला पाठ आहे त्याच्यापुढे खोटा पत्ता फार वेळ टिकत नाही.

शेवटी शेजाऱ्यांची सही. “किती वर्षं ओळखता यांना?” या प्रश्नावर बरेच जण गडबडतात. एकाच मजल्यावर दहा-दहा वर्षं राहून शेजारच्या मुलाचं पाळण्यातलं नाव माहीत असतं आणि कागदावरचं नसतं. सही करताना मीही कागद पूर्ण वाचते, आणि शेजाऱ्यांनाही वाचायला लावते. “काकू, फक्त सही हवीय” असं म्हणणाऱ्यांना हे आवडत नाही, पण खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणं हा पासपोर्ट कायद्याच्या बाराव्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा आहे, आणि ती माहिती खरी असल्याचं आपण लिहून देत असतो.

या सहीला वजन का द्यायचं, हे मुलुंडकरांना तरी समजावं लागू नये. १३ मार्च २००३ रोजी संध्याकाळी आमच्याच स्टेशनात कर्जतकडे जाणाऱ्या लोकलच्या महिलांच्या डब्यात स्फोट झाला. कामावरून घरी परतणाऱ्या बायका त्यात गेल्या. त्या पिढीतल्या कितीतरी जणी अजूनही डब्यात चढल्यावर बाकाखाली एकदा नजर टाकतात, मीही टाकते.

आणि चुकीच्या कागदाने काय होतं याचं उदाहरण अबू सालेमचं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या या आरोपीने आंध्रातल्या कर्नूलच्या पत्त्यावर भलत्याच नावाने पासपोर्ट मिळवला होता. २०१३ साली हैदराबादच्या सीबीआय न्यायालयाने त्याला त्याबद्दल दोषी ठरवलं. त्या पत्त्यावर कुणीतरी खरोखर दार वाजवून “इथे कोण राहतं?” एवढंच विचारलं असतं, तर तो कागद पुढे सरकता ना. डेव्हिड हेडलीची गोष्ट उलटी. त्याचा अमेरिकन पासपोर्ट अस्सल होता. मूळचं दाऊद गिलानी हे नाव त्याने रीतसर बदलून घेतलं होतं, व्हिसाही अस्सल होता. ताडदेवला इमिग्रेशनचं कार्यालय थाटून तो मुंबईत उजळ माथ्याने वावरला आणि २६/११ च्या ठिकाणांची टेहळणी करून गेला. कागद खरा असूनही माणूस ओळखू न येणं, ही त्याहून मोठी अडचण. तिथे फक्त कागद तपासणारी यंत्रणा पुरी पडत नाही.

म्हणूनच हे काम संगणकावर ढकलून मोकळं होण्यासारखं आहे, असं मला वाटत नाही. अर्ज भरणं, वेळ घेणं, पासपोर्ट सेवा केंद्रातल्या ए, बी, सी खिडक्यांतून पुढे सरकणं हे सगळं आता फार सुकर झालंय. २०१७ पासून पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्रं उघडली. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले आपले मराठी माजी राजनैतिक अधिकारी ज्ञानेश्वर मुळे यांचा त्यात मोठा वाटा. पूर्वी पासपोर्टसाठी रजा टाकून पहाटे रांग लावणाऱ्यांना हा फरक चांगला ठाऊक आहे. पण सुकर झालेल्या सगळ्या वाटा शेवटी त्या हवालदारापाशीच येतात, आणि त्याच्याकडे पासपोर्टखेरीज बंदोबस्त, समन्स, गणपती, निवडणूक हेही सगळं असतं.

सध्या मुलुंड पूर्वेत या कामाची खरी परीक्षा होते आहे ती पुनर्विकासामुळे. गल्लीगल्लीत जुन्या तीन-चार मजली इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. सभासद भाडं घेऊन तीन-चार वर्षांसाठी बाहेर पडतात. आधार जुन्या पत्त्याचं, बँकेचं पासबुक जुन्या पत्त्याचं, आणि त्या पत्त्यावर आता पत्र्याचं कुंपण आणि आत खोदलेला खड्डा. आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या एका मुलीला परदेशात शिक्षणासाठी जायचं होतं. तिने अर्जात सध्याचा पत्ता म्हणून तोच जुना पत्ता भरला, कारण तिच्या मनात घर तेच होतं. पोलीस आले, पत्रे बघून गेले. अहवाल गेला: दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. तो अहवाल खराच होता. मुलगीही खोटं बोलली नव्हती. पण पासपोर्ट अडकला, प्रवेशाची तारीख जवळ येत गेली, आणि तिचे वडील पुरावे गोळा करत पासपोर्ट कार्यालयात खेटे घालत राहिले.

त्यात आमच्या भागाची आणखी एक गंमत नसलेली अडचण. मुलुंड हे मुंबईचं टोक. पूर्वेकडच्या कुटुंबांना तात्पुरतं भाड्याचं घर परवडतं ते पुष्कळदा कोपरीत, म्हणजे पायी जाण्याच्या अंतरावर, पण ठाणे शहर पोलिसांच्या हद्दीत. मुलांची शाळा मुलुंडला, दूधवाला तोच, देऊळ तेच, पण पोलीस आयुक्तालय दुसरं. सध्याचा पत्ता कोपरीचा लिहिला की फाईल ठाण्याच्या पोलिसांकडे जाते, जिथे या कुटुंबाला ओळखणारं कुणी नसतं. नवा शेजारी सही करायला बिचकतो, आणि त्याचं बिचकणं योग्यच असतं. ज्या मुलुंडमध्ये शंभर माणसं साक्ष द्यायला तयार आहेत, तिथल्या पोलिसांकडे मात्र तो प्रश्न विचारलाच जात नाही. मुलुंड चेकनाक्यावरचा जकातीचा अडथळा २०१७ साली गेला, हलक्या वाहनांचा टोलही ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. हद्दीची ही रेघ मात्र पासपोर्टच्या अर्जात अजून पक्की आहे. यावर मी सगळ्यांना एकच सांगते: भाड्याच्या घरात गेल्या गेल्या नोंदणीकृत भाडेकरार हातात ठेवा, आधारवर पत्ता बदलून घ्या, आणि अर्जात जिथे आज झोपता तोच पत्ता लिहा. मन कुठेही असलं तरी.

घर आणि पत्ता यांची फारकत मुलुंडला नवी नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं मुलुंड कॉलनीत वसवली गेली. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने त्यांच्यासाठी १९ जुलै १९४८ ही तारीख ठरवली. त्याआधी येऊन इथे राहिलेले नागरिक धरले गेले, नंतर आलेल्यांना सहा महिने राहून अर्ज करून नोंदणी करावी लागली. तिथल्या एका आजींचा पासपोर्ट नव्याने काढायचा होता तेव्हा त्यांच्या नातवाने मला कागद दाखवायला आणले होते. प्लास्टिकच्या पिशवीत, आत आणखी एका कापडी पिशवीत, घडीवर फाटलेले. अर्जात जन्मस्थानाच्या रकान्यापाशी नातू थबकला होता. १९४७ पूर्वी तिकडे जन्मलेल्यांसाठी तिथे ‘अविभाजित भारत’ असा पर्याय असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. आजींनी मात्र एकही कागद आयुष्यात कधी टाकला नव्हता. आपण कोण हे पुन्हा कधीही सिद्ध करावं लागू शकतं, हे त्यांच्या पिढीला कुणी सांगावं लागत नाही.

आता नवी लाट परदेशातल्या नातवंडांची. घरात परदेशी नागरिक मुक्कामाला आला तर त्याची माहिती चोवीस तासांत ठरावीक फॉर्म भरून कळवायची असते. हे हॉटेलांपुरतंच आहे असा सर्रास समज आहे, पण नियम घरांनाही लागू आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे त्याने रद्द केले, पण परदेशी पाहुण्याची माहिती देण्याची जबाबदारी कायम ठेवली. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा नातू न्यू जर्सीहून अमेरिकन पासपोर्टवर व्हिसा घेऊन आला, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तो फॉर्म भरला. पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, कुठून आला, कधी उतरला, पुढे कुठे जाणार. “पुढे कणकवलीला, गणपतीला,” आजोबा म्हणाले, आणि मग जरा गप्प होऊन, “आपल्याच घरच्या मुलाची वर्दी द्यायची का?” मी म्हटलं, द्यायची. हेडलीसारख्याचा माग लागायचा तर हाच फॉर्म सगळ्यांनी भरलेला असायला हवा. आपला नातू त्यातून वगळला तर दुसऱ्याच्या भाडेकरूची चौकशी करण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

आणि भाडेकरूंवरच सगळ्यात जास्त भार पडतो, हे मला अलीकडे फार जाणवतं. भाडेकरूची माहिती ठाण्याला देण्याचे आदेश मुंबई पोलीस वेळोवेळी काढतात. जबाबदारी घरमालकाची असते, पण अडतो भाडेकरू. मालक पुण्याला किंवा दुबईला, करार अकरा महिन्यांचा, दर वर्षी पत्ता नवा. आमच्याकडे भाड्याने राहणाऱ्या दोन नर्स मुली, एक साताऱ्याची, एक सांगलीकडची. त्यातल्या साताऱ्याच्या मुलीला जर्मनीला जायचं आहे. कुशल मनुष्यबळासाठी महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी २०२४ मध्ये करार केल्यापासून अशा मुली जर्मन शिकताना सर्रास दिसतात. तिला पासपोर्टही हवा आणि चारित्र्य पडताळणीचा दाखलाही. पोलिसांनी सोसायटीचं पत्र मागितलं, आणि आमच्या समितीतल्या काहींचं म्हणणं पडलं की भाडेकरूला आपण पत्र कशाला द्यायचं, उद्या काही झालं तर?

मी त्या सभेत आवाज चढवून बोलले. ही मुलगी रात्रपाळी करून पहाटे घरी येते तेव्हा वॉचमन तिच्यासाठी दार उघडतो, पाचव्या मजल्यावरच्या काकांचं प्लास्टर तिने बदललं, आणि ती इथे राहते हे लिहून द्यायला आपल्याला भीती वाटते? परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच सांगितलं, त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. तो हक्क मालकालाच आहे आणि भाडेकरूला नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. जे खरं आहे तेवढंच लिहा: अमुक तारखेपासून राहते, करार पाहिला, ठाण्याला कळवलेलं आहे. त्यापलीकडचं बघायला पोलीस आहेत.

ठराव झाला. करार आणि ठाण्याला दिलेल्या माहितीची प्रत दाखवली की सचिवाने दोन दिवसांत वास्तव्याचं पत्र द्यायचं. तिला पत्र मिळालं, हवालदार येऊन गेले, साक्षीदार म्हणून पाचव्या मजल्यावरचे काका आणि मी.

आमचीही इमारत आता पुनर्विकासाला जाणार आहे. विकासकाशी बोलणी सुरू आहेत. पुढच्या सभेत मी आणखी एक विषय घेणार आहे: बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सभासदाचा आणि भाडेकरूचा नवा पत्ता, त्या हद्दीचं पोलीस ठाणं आणि कराराची मुदत यांची एक वही, दर सहा महिन्यांनी अद्ययावत करायची. इमारत नसली तरी सोसायटी असते, तिचा सचिव असतो. पत्र्यापाशी येऊन कुणी विचारलं, पाचशे दोनमधले कुठे गेले, तर उत्तर देता आलं पाहिजे.