नीरेच्या काठचं म्हातारपण

१९७२ च्या दुष्काळात बारामतीच्या जिराईत पट्ट्यात जी माणसं विशी-पंचविशीत होती, ती आज पंचाहत्तरीच्या पुढेमागे आहेत. सुपे, मोरगाव, उंडवडीच्या माळावर त्यांनी खडी फोडली, तलावांची माती डोक्यावरून वाहिली, मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्याच काळात तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला, नीरा डाव्या कालव्याखाली, माळेगाव आणि सोमेश्वरचे कारखाने ऊस गाळत होते. पुढे भवानीनगर, आणि तिथून इंदापूरच्या टेलपर्यंत तोच बागाईत पट्टा. जिराईत आणि बागाईत अशा दोन्ही अंगांची ही पिढी आता एकत्रच म्हातारी झाली आहे. पन्नास वर्षांत तिच्या चालण्यात, खाण्यात आणि घरातल्या वावरात काय काय बदललं, ते एकदा नीट पाहायला हवं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ‘पूर्वी माणसं कष्ट करायची, भाकरी खायची, म्हणून ठणठणीत जगायची’ हे वाक्य पारावर रोज ऐकू येतं. मला ते पटत नाही. १९७०–७५ च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या आत होतं, आज ते सत्तरच्या घरात आहे. जी माणसं लवकर गेली, ती पारावर बसून आपली गोष्ट सांगायला उरलेली नाहीत. बायकांच्या फुप्फुसात चुलीचा धूर साठत गेला, मिसरीनं हिरड्या गेल्या, मोतीबिंदूला ‘वयानं दिसेना’ म्हणून सोडून दिलं गेलं. तंबाखूचा बार तर बांधावर बसलेल्या प्रत्येकाच्या हाती असे. त्या आयुष्यात चांगलं काही असेल तर एवढंच की शरीर हलवायला वेगळा वेळ काढावा लागत नव्हता. पाणी विहिरीवरून, दळण जात्यावर, बाजार पायी.

मग पाणी आलं. १९८० च्या सुमारास उजनी धरण उभं राहिलं. इंदापूर तालुक्याच्या भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली, आणि उरलेल्या कित्येक गावांना लिफ्टचं पाणी मिळालं. ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस, द्राक्षं, डाळिंब आलं. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, मोटरला ऑटो बसला आणि आता तर मोबाइलवरून मोटर चालू होते. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, ही या साऱ्या बदलातली सगळ्यात मोठी कमाई आहे आणि तिच्याबद्दल हळहळण्याचं काहीच कारण नाही. पण ऊस एकदा बांधणीतून सुटला की रोज रानात जायला कामच उरत नाही. साठीतला शेतकरी गाडीवर बसून बांधापर्यंत जातो, उभ्या उभ्या पाणी बघतो आणि परत येतो. दिवसातून पाच-सहा वेळा चहा, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर, ताटात भाकरीऐवजी चपाती आणि भात. साखरेच्या मुलखात ‘शुगर’ हा घरगुती शब्द झाला तो असा.

यात डॉक्टरांपेक्षा घरच्यांचा हात जास्त चालतो. बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडली जाते. ज्वारीची भाकरी फक्त आजारी माणसासाठी म्हणून वेगळी टाकली की आजोबांना ती शिक्षा वाटते; सगळ्यांच्या ताटात तीच आली की कुणाला काही वाटत नाही. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, ताक, अंडं खाणाऱ्यांना अंडं, हे सगळं इथं पिकतं आणि मिळतं. वय वाढलं की दंड-मांड्या वाळत जातात, तेव्हा डाळी-कडधान्यं अधिक लागतात. आपल्याकडे मात्र उलट होतं. म्हाताऱ्या माणसाला ‘हलकं’ म्हणून नुसता मऊ भात आणि वरणाचं पाणी दिलं जातं.

बारामतीत नीरा डावा कालवा शहराच्या मधून जातो. त्याच्या कडेनं सकाळी फिरणारी निवृत्त माणसं आता नेहमीचीच झाली आहेत. पूर्वी काम म्हणून चालणारी माणसं आता चालण्यासाठी म्हणून चालतात, हा पन्नास वर्षांतला सगळ्यात मोठा पालट. खेड्यातल्या बायकांना मात्र तो अजून जमलेला नाही. ‘काही काम नसताना कुठं निघालीस?’ हा प्रश्न सासूलाही चुकत नाही, सुनेलाही नाही.

लता करे यांची आठवण इथं येतेच. बारामतीजवळच्या पिंपळीत राहणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या या बाईंच्या नवऱ्याची एमआरआय तपासणी करायची होती आणि घरात पैसे नव्हते. दहा-बारा वर्षांपूर्वी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये बक्षीस आहे म्हणून त्या नऊवारी नेसून उतरल्या, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पुढंही जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. त्यांचा फोटो ‘इच्छाशक्ती’ असं लिहून पुढं पाठवला जातो. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. जन्मभराच्या कष्टानं कमावलेले पाय साठीनंतरही साथ देतात, ही पहिली. आणि नवऱ्याच्या तपासणीसाठी कुठल्याही बाईवर त्या वयात धावायची वेळ येता कामा नये, ही दुसरी. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. चांगल्या सवयी माणसाच्या हातात असतात, तपासणीची सोय नसते. एकाच्या जिवावर दुसरं टाळता येत नाही.

या मुलखात म्हातारपणी चालण्याची जुनी आणि मानाची वाट एकच, वारीची. तुकोबांची पालखी उंडवडीहून बारामतीत येते, काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, मग सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीला नीरास्नान. देहू ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दिंडीत सत्तरी ओलांडलेल्या आजी डोक्यावर तुळस घेऊन चालताना पाहिल्या की काही गोष्टी लक्षात येतात. त्या एकट्या नसतात. बरोबरीची माणसं टाळ वाजवत असतात, विसावा ठरलेला असतो, कुणी मागं राहिलं तर दिंडी हाक मारते. पण अकरा महिने ओट्यावर बसून एकदम ज्येष्ठात चालायला निघालेल्यांचे गुडघे बारामतीतच बोलू लागतात, आणि शुगर असलेल्यांच्या तळपायाची जखम त्यांना कळतही नाही. ज्यांना वारी करायची आहे, त्यांनी रोज अर्धा तास चालणं माघातच सुरू करावं आणि रात्री तळपाय उलटे करून कुणाकडून तरी बघून घ्यावेत.

२०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये बारामतीत भिलवाडा पॅटर्न लागू होता, म्हणजे अख्खं शहर बंद. म्हातारी माणसं जिवाच्या भीतीनं घरात बसली आणि त्यातली काही पुढं पहिल्यासारखी बाहेर पडलीच नाहीत. सांधे धरले, बोलणं कमी झालं. त्यांना पुन्हा उंबऱ्याबाहेर काढलं ते एसटीनं. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. तेव्हापासून लेकीचं गाव, मोरगावचा मयुरेश्वर, जेजुरी, आठवड्याचा बाजार ही ठिकाणं पुन्हा सुरू झाली. या सवलतीची जमेची बाजू फक्त तिकिटाच्या पैशात मोजू नये. चार माणसांत जाऊन बसणं हेही औषधच आहे.

धोका मात्र रस्त्यावर वाढला. पाटसहून बारामती-इंदापूरमार्गे जाणारा तुकोबांचा पालखीमार्ग आता चौपदरी झाला आहे आणि वाहनं तुफान वेगानं जातात. गाळप हंगामात पहाटेच्या धुक्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागचा दिवा नसताना चालतात, आणि नेमकी तीच वेळ फिरायला निघणाऱ्यांची असते. पांढरा सदरा घालावा, समोरून येणारं वाहन दिसेल अशा उजव्या बाजूनं चालावं, हातात बॅटरी ठेवावी, आणि हंगामात उजाडल्याशिवाय रस्त्यावर जाऊच नये.

आणि घरातला धोका मोरीत. सिमेंटची नवी घरं झाली, त्यात गुळगुळीत फरशी आली, कोपऱ्यात साबणाचं पाणी साचतं, बादली उचलायला वाकावं लागतं आणि धरायला काही नसतं. रात्री दोनला दिवा न लावता उठलेली आजी पायपुसण्यावरून घसरते आणि खुब्याचं हाड मोडतं. त्यानंतर महिनोन् महिने खाट, आणि त्या खाटेवरून सगळेच उठत नाहीत. आयुष्यभर विंचू-सापाच्या रानात वावरलेलं माणूस आपल्याच घरातल्या ओल्या फरशीला बळी पडतं, याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळायला फार थोडं लागतं. मोरीत आणि संडासात भिंतीला पक्की दांडी, उंच बैठक, सुटं पायपुसणं काढून टाकणं, खाटेपासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा एक बारीक दिवा, टाचेला पट्टा असलेली चप्पल, आणि वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करायची आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, एवढ्यानंही तोल टिकायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करायला सांगते.

दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर पेटतील. त्याआधी ज्यांच्या घरात ट्रॉली आहे त्यांनी तिला मागून रिफ्लेक्टर लावावेत, आणि ज्यांच्या घरात सत्तरीचं माणूस आहे त्यांनी मोरीच्या भिंतीला दांडी बसवून घ्यावी. गवंडी अर्ध्या दिवसात बसवून देतो.