फुटबॉल क्लबचे खेळाडू-करार आणि संघनियोजन : एफसी गोव्याच्या उदाहरणातून

प्रास्ताविक

१९ फेब्रुवारी २०२० रोजी एफसी गोवा संघाने जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५-० असे हरवले आणि इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीतील पहिल्या क्रमांकाची शिल्ड जिंकली. तिच्यासोबत आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब. पण पुढचा मोसम सुरू झाला तेव्हा त्याच संघातले ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई हे चौघे मुंबई सिटी एफसीकडून खेळत होते. गोव्याने जानेवारीअखेर दूर केलेले प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आता मुंबईचे प्रशिक्षक होते. त्या मोसमात मुंबईने उपांत्य फेरीत गोव्यालाच पेनल्टीवर हरवले आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यात, म्हणजे गोव्याच्याच अंगणात, अंतिम सामना जिंकला.

भिलाईतल्या आमच्या वर्गात हे उदाहरण दिले की एक प्रश्न हमखास येतो : "सर, क्लबने त्यांना सोडलेच कसे?" या पाठात त्या प्रश्नाचे उत्तर पाहू. थोडक्यात सांगायचे तर, खेळाडू क्लबच्या मालकीचा नसतो. क्लबच्या हातात असतो तो एका तारखेपर्यंतचा करार. म्हणून संघनियोजन हे बऱ्याच अंशी तारखांचे नियोजन असते.

१. कराराची चौकट

जागतिक संघटना फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार किमान चालू मोसमाच्या अखेरपर्यंत आणि सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो. १८ वर्षांखालील खेळाडूसाठी ही मर्यादा ३ वर्षांची आहे. करार संपायला ६ महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. मुदत संपल्यावर तो मोकळा होतो आणि जुन्या क्लबला हस्तांतर शुल्क मिळत नाही.

हे नेहमीच असे नव्हते. पूर्वी युरोपात करार संपल्यानंतरही जुना क्लब नव्या क्लबकडे पैसे मागू शकत असे. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोसमान याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय संघाच्या नागरिक-खेळाडूंसाठी ही प्रथा बेकायदा ठरवली. तेव्हापासून कराराची उरलेली मुदत हीच क्लबची खरी ताकद झाली.

काही करारांत 'रिलीज क्लॉज' असतो. ठरलेली रक्कम दुसऱ्या क्लबने भरली की खेळाडूच्या संमतीने त्याला जाऊ द्यावेच लागते. बूमूस हा २०१९-२० मोसमातला स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मुंबईने अशीच रक्कम भरून त्याला नेले. म्हणजे गोव्याने 'नाही' म्हणण्याचा हक्क करार करतानाच एका किमतीला विकून ठेवला होता. यात मूर्खपणा नाही; असा क्लॉज दिल्यामुळेच कधी कधी चांगला खेळाडू मुळात सही करतो. पण आकडा ठरवताना पुढच्या दोन मोसमांचा अंदाज बांधावा लागतो.

२. हिशेबातील किंमत

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यंत्रावरचा घसारा ठाऊक असतो. हस्तांतर शुल्काचा हिशेब तसाच असतो. एक काल्पनिक उदाहरण घ्या. क्लबने ३ कोटी रुपये शुल्क देऊन खेळाडू घेतला आणि ३ वर्षांचा करार केला. दरवर्षी १ कोटी खर्च म्हणून दाखवला जाईल. दोन वर्षांनी वहीतील किंमत १ कोटी उरते. तेव्हा तो दीड कोटीला विकला तर ५० लाखांचा नफा. तिसरे वर्षही संपू दिले तर वहीतील किंमत शून्य आणि विक्रीची रक्कमही शून्य.

म्हणून शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वी क्लबपुढे तीन वाटा असतात : करार वाढवणे, खेळाडू विकणे, किंवा वर्षभर खेळवून मोफत जाऊ देणे. तिसरी वाट नेहमीच चुकीची नसते. ती ठरवून निवडलेली असावी, एवढेच.

३. संघाचा तक्ता

चांगला क्लब प्रत्येक खेळाडूसाठी चार नोंदी ठेवतो : जागा, वय, वेतन आणि करार संपण्याचे वर्ष. हा तक्ता वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, सगळे करार एकाच वर्षी संपू नयेत. भिलाईसारख्या पोलाद कारखान्यात सगळ्या ब्लास्ट फर्नेस मोठ्या दुरुस्तीसाठी एकाच वेळी बंद करत नाहीत. संघाचेही तसेच आहे.

दुसरी, प्रत्येक जागेसाठी आजचा आणि उद्याचा माणूस कोण आहे? उद्याचा तरुण बाकावर बसून राहत असेल, तर त्याला लोनवर दुसऱ्या क्लबकडे पाठवतात.

तिसरी, दुर्मीळ जागा कोणती? आयएसएलमध्ये ती परदेशी खेळाडूची. २०२०-२१ मध्ये एका वेळी ५ परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकत. २०२१-२२ पासून ४. नियम एका आकड्याने बदलला की अनेक वर्षांचे करार नव्याने तपासावे लागतात आणि दर्जेदार भारतीय खेळाडूंचा भाव वाढतो.

४. गोव्याने काय केले?

चौघे गेल्यावर गोव्याने नवे प्रशिक्षक हुआन फेरांडो आणले आणि ३६ वर्षांच्या इगोर अँगुलोला आघाडीवर घेतले. ब्रँडन फर्नांडिस आणि एदू बेदिया हे जुने खांब संघात होतेच. अँगुलोने त्या मोसमात १४ गोल करून 'गोल्डन बूट' मिळवला आणि गोव्याने उपांत्य फेरी गाठली. पण एका मोसमानंतर अँगुलोही मुंबईला गेला! पस्तिशी ओलांडलेल्या खेळाडूकडून आजचे गोल मिळतात, पण त्यातून उद्याची तरतूद होत नाही. हा सौदा करताना त्याच दिवशी पुढच्या आघाडीवीराचा शोध सुरू व्हायला हवा.

५. करार खेळाडूचाही असतो

इथवर आपण क्लबच्या बाजूने पाहिले. आता दुसरी बाजू. जुलै २०२५ मध्ये आयोजक कंपनी आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातील मूळ हक्क-कराराचे नूतनीकरण न झाल्याने आयएसएलचा पुढचा मोसम स्थगित झाला, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबवल्याचे जाहीर केले. खेळाडूंचे करार चालू होते; ज्या स्पर्धेसाठी ते केले होते तिचाच करार संपत आला होता.

फिफाचा नियम असा की दोन महिन्यांचे वेतन थकले, तर खेळाडू क्लबला लेखी कळवून किमान १५ दिवसांची मुदत देतो आणि तरीही पैसे न मिळाल्यास योग्य कारणाने करार मोडू शकतो. ज्याची कमाईची वर्षे जेमतेम १२-१५ असतात, त्याच्यासाठी हे कलम म्हणजे घराची तुळई आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या खेळाडू, व्यवस्थापक किंवा एजंट झाला, तर सही करण्यापूर्वी रकमेआधी तारखा आणि करार मोडण्याची कलमे वाचा.

सरावासाठी

१. तुमच्या आवडत्या क्लबमधील ११ खेळाडूंचा वर सांगितलेला तक्ता तयार करा. वेतन जाहीर नसेल तर तो रकाना सोडा. कोणत्या वर्षी सर्वाधिक करार संपतात?

२. ४ कोटी शुल्क, ४ वर्षांचा करार. तीन वर्षांनंतर ८० लाखांना विक्री केली, तर हिशेबात नफा की तोटा? वहीत तोटा दिसत असूनही विक्री योग्य कधी ठरेल?

३. गोव्याच्या जागी तुम्ही असता, तर बूमूसच्या करारात रिलीज क्लॉज दिला असता का? दोन्ही बाजू लिहा.