औषधाच्या डब्यावरचे इंग्रजी आणि आपली स्मरणशक्ती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सटाणा, नामपूर, ताहाराबाद हा सगळा बागलाण अर्ली द्राक्षांचा आणि डाळिंबाचा. इथल्या बागायतदाराला किंवा पॅकहाऊसच्या सुपरवायझरला इंग्रजीत भाषण ठोकायचे नसते. औषधाचा डबा, निर्यातीचे कागद आणि खरेदीदाराचे व्हॉट्सअॅप मेसेज यांत फिरून फिरून येणारे शे-दोनशे शब्द त्याला हवे असतात. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक संजीवकाचा अंश सापडला, कंटेनर अडकले, उत्पादकांना मोठा फटका बसला. अशा वेळी 'रेसिड्यू' (अंश) हा शब्द पाठ करावा लागत नाही, पोळल्यामुळेच तो राहतो. पण प्रत्येक शब्दासाठी पोळून घ्यायची गरज नाही.

गैरसमज : चाळिशीनंतर नवे शब्द डोक्यात राहत नाहीत.

वयाचा परिणाम होतो तो मुख्यतः उच्चारावर आणि व्याकरणावर. हार्टशॉर्न, टेनेनबॉम आणि पिंकर यांनी २०१८ मध्ये साडेसहा लाखांहून अधिक लोकांच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा इंग्रजीचे व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता सतराव्या-अठराव्या वर्षानंतर उतरताना दिसली. शब्दसंग्रहाचे तसे नाही, तो पन्नाशीनंतरही वाढतो. नवा शब्द पक्का व्हायला तरुणापेक्षा थोडा जास्त वेळ लागेल, इतकेच. शिवाय ज्याने पंधरा वर्षे छाटणी केली आहे, त्याला 'प्रूनिंग' म्हणजे काय हे कोण शिकवणार? त्याला फक्त कामाला नाव जोडायचे आहे. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी बोलणाऱ्या माणसाने 'आपल्याला भाषा जमत नाही' म्हणावे, याचे मला नेहमी नवल वाटते.

गैरसमज : दहा वेळा लिहिले, वीस वेळा वाचले की पाठ.

सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस याने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले, की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि एकाच बैठकीत रेटण्यापेक्षा दिवसांवर विभागलेली उजळणी स्वस्त पडते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला लावला, दुसऱ्याला न बघता आठवायला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के आठवले, आठवणाऱ्या गटाला ५६ टक्के. वाचताना 'हे येते मला' असे वाटते, ती फसगत.

म्हणून चिठ्ठ्या करा. एका बाजूला इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ. आधी आठवा, मगच उलटा. आज, उद्या, चार दिवसांनी, मग पुढच्या आठवडेबाजाराला. खोक्यात खण करा : बरोबर आलेली चिठ्ठी पुढच्या खणात, चुकलेली पुन्हा पहिल्या खणात. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर याने १९७२ मध्ये हीच खणांच्या खोक्याची पद्धत मांडली. चपलेचे रिकामे खोके पुरते.

गैरसमज : गमतीशीर युक्त्या पोरांसाठी.

अॅटकिन्सन आणि रॉ यांनी १९७५ मध्ये १२० रशियन शब्द शिकवले. ओळखीच्या आवाजाचा शब्द आणि एक चित्र जोडून शिकणाऱ्यांना ७२ टक्के अर्थ आठवले, बाकीच्यांना ४६ टक्के. आपल्याकडे 'डायल्यूट' घ्या. शेवटी 'लूट' ऐकू येते. दुधात पाणी ओतून गिऱ्हाईक लुटणारा दूधवाला डोळ्यांपुढे आणा, म्हणजे 'पाणी घालून पातळ करणे' सुटत नाही. स्पेलिंग यातून येत नाही, आणि प्रत्येक शब्दाला असा दुवा सापडत नाही. ओढून-ताणून जोडू नये.

गैरसमज : एका विषयाचे शब्द एकगठ्ठा शिकावेत.

'इनव्हॉइस', 'रिसीट', 'व्हाउचर' एकाच दिवशी घेतले की एकमेकांत गुंततात. टिंकहॅम यांच्या नव्वदच्या दशकातील प्रयोगांतही हेच दिसले. एक पक्का झाला की दुसरा घ्या.

फवारणीची मात्रा आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ मात्र पाठ असला तरी दर वेळी डब्यावर वाचा, आणि त्रिकोणाचा रंग बघा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. इथे आठवणीवर विसंबू नका.