ब्रेक किंचाळतोय? ऐका!

गेल्या पावसाळ्यात बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला निघालो होतो. ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून बारीक किंचाळल्यासारखा आवाज येई. बाबा म्हणाले, "अरे, आधी गॅरेजला दाखव." मी गाण्यांचा आवाज वाढवला. परतल्यावर मेकॅनिकने चाक काढलं. पॅड जेमतेम 2 मिलिमीटर उरले होते. घाटात आई, बाबा, लेक सगळे गाडीत होते, हे आठवून पोटात गोळा आला.

प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी चार-पाच वेळा ब्रेक लावला की तो घासून जातो, आवाजही थांबतो. पण आवाज रोज, दिवसभर येत असेल तर सावध व्हा. अनेक गाड्यांच्या पॅडला पत्र्याची छोटी पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून किंचाळते. ती मुद्दाम ठेवलेली सूचना आहे. नवा पॅड साधारण 10 मिलिमीटर जाड असतो. 3 वर आला की बदलायचा, तोही दोन्ही चाकांचा एकदम. किंचाळण्याऐवजी खरखर सुरू झाली, तर लोखंडावर लोखंड घासतंय. मग गाडी पुढे नेऊच नका. आणि आवाज घालवायला डिस्कवर तेल कधीच टाकू नका, ब्रेकच लागणार नाही.

ऑफिसात ज्युनिअर मुलांना मी रोज बजावतो, वॉर्निंगकडे दुर्लक्ष करू नका. गाडीची वॉर्निंग मात्र बाबांनी ऐकली, मी नाही.